विकेनबर्ग, ऍरिझोना: वाळवंटातली सोन्याची खाण आणि गुरांचे रँच नीट कसे बघायचे

फिनिक्सला आईबाबा, सासूसासरे कोणी आले की आपण सगळे तेच करतो, ग्रँड कॅन्यन, सेडोना, आणि जुनं वेस्टर्न दाखवायचं म्हणून टूमस्टोन, जिथे रोज ठरल्या वेळेला खोट्या बंदुका वाजतात. मी पण तेच केलं. विकेनबर्ग मात्र कोणाच्या लिस्टवर नसतं, फिनिक्सच्या वायव्येला जेमतेम तासाभरावर असूनही. लास व्हेगसला जाताना सगळे तिथे फक्त पेट्रोल भरायला आणि बाथरूमला थांबतात. गेल्या काही वर्षांत मी तिथे सहा-सात वेळा गेलोय, पैकी पहिली खेप पूर्ण वाया गेली, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिल्या वेळी काय चुकलं ते आधी सांगतो. जूनमध्ये गेलो, भर दुपारी, आणि थेट व्हल्चर नावाच्या जुन्या सोन्याच्या खाणीवर. बाबा बरोबर होते. बाबा वणीकडच्या कोळसा खाणीत सर्व्हेला होते, सगळी नोकरी तिथेच गेली, त्यामुळे त्यांना खाण दाखवायची मला भयंकर हौस. अर्ध्या तासात त्यांना गरगरायला लागलं, आई गाडीत एसी लावून बसून राहिली, आणि मला तिथे पडलेल्या गंजक्या लोखंडाचा काही अर्थ लागला नाही. तर दोन गोष्टी पक्क्या करा. जायचं नोव्हेंबर ते एप्रिलमध्येच (उन्हाळ्यात ४० च्या वर पारा हे तिथे रोजचंच), आणि खाण आधी नाही बघायची, आधी गाव, मग नदी, मग खाण, मग रँच. हा क्रम का ते पुढे कळेल, पण थोडक्यात सांगायचं तर या गावाची गोष्ट सोन्याची नाहीच, पाण्याची आहे. पाणी कुठे होतं आणि कुठे नव्हतं एवढं डोक्यात ठेवून फिरलात तर खाण पण कळते आणि रँच पण.

निघण्याआधी

गाडीत माणशी चार लिटर पाणी, टोपी, बंद बूट. चपला नकोत, काटे आहेत. टाकी गावातच फुल करून घ्या, खाणीच्या रस्त्याला पंप नाही आणि फोनची रेंज पण जाते-येते, तेव्हा मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. खाणीचं गाव आणि म्युझियम कोणत्या वारी उघडं असतं ते निघायच्या आदल्या दिवशी बघा, सीझनप्रमाणे बदलतं.

रस्ते दोन. एक ग्रँड अव्हेन्यू म्हणजे यूएस ६०, हा शहरातून तिरका निघतो आणि बराच वेळ शेजारून रेल्वेलाइन धावते. दुसरा आय-१७ वरून केअरफ्री हायवे, म्हणजे एसआर ७४. जाताना ६० घ्या, कंटाळवाणा आहे सिग्नलमुळे, पण १८९५ साली गावात आलेली सांता फे रेल्वे याच बाजूने फिनिक्सला उतरली, आणि गावातलं ते जुनं स्टेशन आता व्हिजिटर सेंटर आहे, तिथेच पहिला थांबा करायचाय.

गाव: पायी, दोन ते अडीच तास

स्टेशनवर गाडी लावा, आत फुकट नकाशा मिळतो. गावात रस्त्यांवर ब्रॉन्झचे माणसाएवढे पुतळे आहेत, खाणवाला, सलूनमधली बाई वगैरे, बटण दाबलं की ते बोलतात. पोरांना मजा येते. रस्त्याच्या कडेला ब्रॉन्झचे साप-विंचू पण आहेत, आई एका रॅटलस्नेकला बघून खरंच ओरडली होती.

जेल ट्री चुकवू नका. पेट्रोल पंपाच्या दुकानामागे एक जुनं मेस्कीटचं झाड आहे, आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्याच कुळातलं. गावाला तुरुंग नव्हता तेव्हा, १८६३ ते १८९० पर्यंत, चोर-दारुड्यांना या झाडाला साखळीने बांधून ठेवायचे असं तिथला फलक सांगतो. पाच मिनिटांचं काम आहे.

आता खरा वेळ द्यायचा तो डेझर्ट कबालेरोस वेस्टर्न म्युझियमला. बाहेर एक पुतळा आहे, काऊबॉय घोड्याशेजारी गुडघ्यावर बसून पावसाबद्दल देवाचे आभार मानतोय. जो बीलर नावाच्या शिल्पकाराचा आहे. याच्यापुढे थोडं थांबा. सांगोल्याकडची माझी आई त्या पुतळ्याकडे बघून म्हणाली, "याला समजावून सांगायला नको, यानं दुष्काळ बघितलाय." आत खालच्या मजल्यावर जुन्या गावाचा रस्ता, दुकानं, घरं उभी केलीत, खनिजांचा संग्रह आहे, आणि काऊबॉयचं सामान, सॅडल, स्पर (टाचेला लावायची आर), चॅप्स (पायांवर चढवायचं चामडं). या सामानाकडे बघताना एक लक्षात ठेवा की हा सगळा धंदा मेक्सिकन व्हाकेरोंकडून, म्हणजे गुराख्यांकडून, शिकलेला आहे, शब्दांसकट. चॅप्स म्हणजे चापारेरास, लॅरियट, फासाचा दोर, म्हणजे ला रेआता, आणि बकारू, काऊबॉयचंच दुसरं नाव, म्हणजे व्हाकेरोचाच अपभ्रंश. सिनेमातला गोरा काऊबॉय नंतर आला.

आणि त्याच्याही आधी इथे यावापाई लोक होते, इथले मूळ रहिवासी. हा भाग गावातल्या बोलक्या पुतळ्यांमध्ये फारसा नाही, म्हणून सांगतो. सोनं सापडल्यावर खाणवाले, गुरंवाले आले, पाण्याच्या जागा त्यांनी धरल्या, आणि मग चकमकी सुरू झाल्या. नोव्हेंबर १८७१ मध्ये गावाच्या पश्चिमेला घोडागाडीवर हल्ला होऊन आठातले सहा प्रवासी मेले, त्यात बॉस्टनचा एक तरुण लेखक फ्रेडरिक लोरिंग होता, म्हणून पूर्वेकडच्या पेपरांत मोठी बोंब झाली. आळ यावापाईंवर आला, खरं कोणी केलं यावर अजून वाद आहे. पुढे १८७५ च्या हिवाळ्यात त्यांना बायकापोरांसकट साधारण १८० मैल चालवत सॅन कार्लोसच्या राखीव वस्तीत नेऊन टाकलं. वाटेत कित्येक मेले. त्यांचे वंशज आज प्रेस्कॉट आणि फोर्ट मॅकडॉवेलला आहेत.

जेवण गावातच करा. शाकाहारी असाल तर मेक्सिकन ठिकाणी बीन बरिटो मिळतो, पण आधी विचारा की बीन्समध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, घालता का. बऱ्याच ठिकाणी घालतात आणि न विचारता कोणी सांगत नाही.

नदी: जी दिसत नाही

हॅसयाम्पा नदी. गावातल्या पुलावर उभं राहिलात तर खाली नुसती वाळू दिसते, पाहुणे हमखास विचारतात, नदी कुठाय? नदी आहे, वाळूखालून वाहते. वर्षातला बराच काळ आणि बराच पट्टा ती जमिनीखालीच असते. आणि तिची दंतकथा तर भारी आहे: जो हिचं पाणी पितो तो पुन्हा कधी खरं बोलत नाही. म्हणून या भागात थापाड्या माणसालाच हॅसयाम्पर म्हणायचे. आमच्या घरात हा शब्द आता कायमचा झालाय, बाबांनी कोणाला "डायबिटीस कंट्रोलमध्ये आहे" सांगितलं की आई म्हणते, हॅसयाम्पाचं पाणी.

प्रत्यक्ष पाणी बघायचं तर गावाच्या आग्नेयेला तीनेक मैलांवर हॅसयाम्पा रिव्हर प्रिझर्व्हला जा, यूएस ६० ला लागूनच आहे. इथे खालचा खडक पाण्याला वर ढकलतो आणि नदी चक्क वाहताना दिसते, दोन्ही काठांना कॉटनवुड आणि विलोची दाट झाडी. वाळवंटातून दहा पावलं आत गेलं की हवा गार. फ्रेडरिक ब्रिल नावाच्या माणसाचा जुना रँच इथलाच, खाणवाल्यांना लागणारं मांस, भाजीपाला अशाच पाणथळ जागांवरून जायचा. तासभर पुरतो, वाटा सपाट आहेत, वयस्कर माणसं आरामात चालतात.

याच नदीने एकदा गाव झोडपलंय. वरच्या अंगाला वॉलनट ग्रोव्ह इथे दगडांचं धरण बांधलं होतं, ते २२ फेब्रुवारी १८९० ला फुटलं, रात्रीची वेळ, खाली नदीकाठी छावण्यांत झोपलेली बरीच माणसं वाहून गेली. ज्याच्या नावाचं हे गाव त्या हेन्री विकेनबर्गची शेतीही त्या पुरात गाळाखाली गेली.

आणि अजून एक, जे मला फार उशिरा कळलं. फिनिक्स शहर या खाणीमुळे झालं. खाणीला आणि लष्करी ठाण्यांना धान्य आणि जनावरांना वैरण लागायची, म्हणून जॅक स्विलिंग नावाच्या माणसाने १८६७ मध्ये विकेनबर्गलाच कंपनी काढून सॉल्ट रिव्हरच्या खोऱ्यातले होहोकाम या प्राचीन मूळ रहिवाशांचे शेकडो वर्षं जुने, बुजलेले पाट परत उकरले, पाणी सोडलं, शेती लागली, आणि त्या शेतीभोवती फिनिक्स वाढलं. म्हणजे आज आपण ज्या शहरात चिप बनवायच्या कंपनीत नोकरी करतोय ते मुळात गाढवांच्या वैरणीसाठी वसलंय.

खाण: सकाळी लवकर

शक्य असेल तर रात्री गावात राहा आणि खाण दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. गावाच्या पश्चिमेला यूएस ६० वरून व्हल्चर माइन रोड डावीकडे वळतो, त्या रस्त्याने साधारण बारा मैल. वाटेत व्हल्चर पीकचा ट्रेल लागतो, तरुण मंडळी असतील तर करा, पण माथ्याजवळ हाताने धरून चढावं लागतं, आईबाबांना नको.

हेन्री विकेनबर्ग मूळचा प्रशियाचा, १८६३ मध्ये त्याला इथे सोनं असलेली क्वार्ट्झची, म्हणजे गारगोटीची, शीर सापडली. व्हल्चर म्हणजे गिधाड. नाव का पडलं याच्या तीन गोष्टी मला तीन जणांनी सांगितल्या, तिन्ही हॅसयाम्पाच्या पाण्याच्या.

खडकात सोनं होतं पण खाणीवर पाणी नव्हतं, आणि खडक दळून सोनं वेगळं करायला पाणी हवंच. म्हणून सुरुवातीला हेन्री खडक टनाच्या भावाने विकायचा, पंधरा डॉलर टन, घेणाऱ्याने स्वतः फोडायचा, स्वतः दहा-बारा मैल नदीपर्यंत वाहून न्यायचा आणि तिथे दळायचा. विकेनबर्ग गाव खाणीवर न होता नदीवर का झालं त्याचं उत्तर हेच.

दळायचं कसं? अरास्त्रा. म्युझियममध्ये बाबांना मी याचं चित्र दाखवलं तर म्हणाले, "अरे ही तर चुन्याची घाणी!" अगदी तीच. गोल दगडी फरसबंदी, मधे खांब, खांबाला आडवी दांडी, दांडीला खेचर जुंपलेलं, ते गोल फिरतं आणि साखळीने बांधलेले जड दगड खडकाला रगडत फिरतात. फरक एवढाच की आपल्याकडे चुन्याच्या घाणीत दगडी चाक चरातून फिरतं, इथे दगड नुसते ओढले जातात. चुरा बारीक झाला की त्यात पारा ओतायचा, पारा सोन्याला धरतो, मग तो गोळा तापवून पारा उडवायचा, सोनं उरतं. त्या वाफांनी माणसांचं काय व्हायचं ते वेगळं सांगायला नको.

पुढे कंपन्या आल्या. हेन्रीने १८६६ मध्ये खाणीतला मोठा हिस्सा न्यूयॉर्कच्या मंडळींना विकला, ठरलेले सगळे पैसे त्याला कधी मिळाले नाहीत असं सांगतात, आणि १९०५ मध्ये तो म्हातारा घराजवळ डोक्यात गोळी लागलेला मृत सापडला, कागदोपत्री आत्महत्या. गावात एका टेकाडावरच्या जुन्या दफनभूमीत तो आहे, वेळ असेल तर जा. कंपन्यांनी स्टॅम्प मिल बसवली, आणि १८८० च्या सुमारास उलटा खेळ केला: खडक नदीकडे न्यायचं बंद, नदीचं पाणीच पाइपने खाणीवर आणलं आणि तिथे ८० स्टॅम्पची गिरणी उभी केली. स्टॅम्प म्हणजे लोखंडी मुसळ समजा. एक दांडा फिरतो, मुसळं वर उचलतो आणि सोडतो, खाली खडकाचं कांडण. अशी ऐंशी मुसळं रात्रंदिवस.

आता आत फिरताना काय बघायचं. व्हल्चर सिटी हे खाणीचं गाव आता तिकीट काढून बघता येतं, बऱ्याच इमारती डागडुजी करून उभ्या केल्यात. पहिल्यांदा जा ‘ॲसे’ (assay) ऑफिसला, म्हणजे खडकात सोनं किती ते तपासायची जागा. भिंतीला नाक लावून बघा, गंमत करत नाहीये, त्या भिंती खाणीतल्याच दगडांच्या आहेत, क्वार्ट्झ दिसतो, म्हणजे थोडंफार सोनं भिंतीतच आहे. मग कुकहाऊस. मग हेडफ्रेम, शाफ्टवरचा (खाणीत खाली उतरणाऱ्या विहिरीवरचा) तो उंच लाकडी मनोरा, ज्यावरून दोर खाली जाऊन माणसं आणि खडक वर-खाली व्हायचे. बाबा तिथे वीस मिनिटं मान वर करून उभे होते, मग म्हणाले शाफ्ट उभा नाही, तिरका आहे, शिरेच्या मागे मागे गेलेत. मी ते कधी बघितलंच नव्हतं.

शेवटी ते आयर्नवुडचं झाड, ज्यावर सोनं चोरणाऱ्या १८ कामगारांना फाशी दिलं म्हणतात. गाईड रंगवून सांगतात, ऐकून घ्या. चोरी मात्र खरी होती, चांगला दगड डब्यात, बुटात घालून पळवायचे, त्याला हाय-ग्रेडिंग म्हणायचे.

एकंदर ३,४०,००० औंस सोनं निघाल्याचं सांगतात. १९४२ मध्ये युद्धामुळे सरकारी हुकूम निघाला, सोन्याच्या खाणी बंद, माणसं आणि यंत्रं तांब्याकडे वळवा. झालं, गाव ओस.

दोन गोष्टी ज्या करायच्या नाहीत

एक, आजूबाजूच्या वाळवंटात जुनी भोकं, बोगदे दिसतील, त्यात शिरू नका, डोकवूही नका. सडलेलं लाकूड, साप हे तर आहेच, पण बाबांच्या शब्दात, "वास येणारी हवा माणसाला पळवते, वास न येणारी झोपवते." जुन्या बोगद्यात प्राणवायू कमी असतो आणि कळतही नाही.

दोन, जुन्या बाटल्या, खिळे, नाल काही उचलायचं नाही. सरकारी जमिनीवर गुन्हा आहे, आणि खाजगी जमिनीवर चोरी. सोनं गाळायची हौस असेल तर वाटेल तिथे पॅन घेऊन बसू नका, जागा कोणाच्या तरी क्लेममध्ये, म्हणजे खोदायच्या नोंदवलेल्या हक्कात, असू शकते. फेब्रुवारीत गोल्ड रश डेज असतात, मिरवणूक, रोडिओ, आणि तिथे पॅनिंग करायला मिळतं, तेव्हा करा. आपल्याकडे सराफकट्ट्यावरची माती धुणारे झारेकरी बघितले असतील तर हात लगेच बसेल. पॅन पाण्याखाली धरून आधी आडवा हलवायचा, सोनं जड म्हणून तळाला जातं, मग थोडा तिरका करून वरची हलकी वाळू पाण्याबरोबर जाऊ द्यायची, घाई नाही. शेवटी काळी वाळू उरते, तिच्यात बघायचं. चमकतंय म्हणून उड्या मारू नका, पॅन सावलीत न्या. अभ्रक सावलीत विझतं, सोनं सावलीतही पिवळंच दिसतं.

रँच: दुपारनंतर

खाणवाल्यांना मांस लागलं म्हणून गुरं आली, आणि खाणी आटल्यावरही गुरं राहिली. पण या जमिनीत एका गाईला किती तरी एकर लागतात, आणि चाऱ्याइतकंच पाणी महत्त्वाचं, म्हणून पवनचक्की किंवा मातीचा बांध घातलेलं तळं दिसलं (तिथे त्याला टँक म्हणतात) की समजायचं, रँचचं काळीज हे. १८९१ ते ९३ च्या दुष्काळात दक्षिण ऍरिझोनात अर्ध्याहून जास्त गुरं मेली.

मग विसाव्या शतकात रँचवाल्यांना कळलं की गुरांपेक्षा पूर्वेकडचे पाहुणे पाळणं परवडतं. डूड रँच. शहरी माणूस हिवाळ्यात यायचा, घोड्यावर बसायचा, बीन्स खायचा, पैसे देऊन जायचा. आपलं कृषी पर्यटनच, शंभर वर्षं आधीचं. एक काळ विकेनबर्ग स्वतःला जगाची डूड रँच राजधानी म्हणवून घ्यायचं. रांचो दे लोस कबालेरोस हे १९४८ चं, खाणीच्या रस्त्यावरच आहे. नदीकाठचं के एल बार त्याहून जुनं, मातीच्या विटांचं. राहणं महाग आहे, पण काही ठिकाणी नुसती तासा-दोन तासांची घोडेस्वारी मिळते, आधी फोन करा, वजनाची आणि वयाची अट विचारा.

के एल बार हे नाव बघा, ते नाव नाहीच, तो डाग आहे. गुरांना जो तापल्या लोखंडाचा डाग देतात तो वाचायची पद्धत आहे, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. के, एल, आणि आडवी रेघ म्हणजे बार. अक्षर आडवं पाडलेलं असेल तर लेझी, म्हणजे आळशी. पंख असतील तर फ्लाइंग, खाली झोपाळ्यासारखी कमान असेल तर रॉकिंग. फ्लाइंग ई नावाचा रँच पण याच गावात. गावात हॉटेलांच्या भिंतींवर, फाटकांवर असे डाग असतात, पोरांना वाचायला लावा, तासभर जातो. आईने सांगितलं की तिच्या आजोबांच्या खिल्लारांनाही डाग असायचा, पण तो दुखण्यावरचा, मालकीचा नाही. "मालक कोण ते बैलाच्या चालीवरनं कळायचं," हे पण आईच.

हिवाळ्यात गेलात तर टीम रोपिंग नक्की बघा, बर्फाळ राज्यांतून लोक घोडे ट्रेलरमध्ये घालून इथे येतात, सकाळी कुठल्या ना कुठल्या अरीनात सराव किंवा स्पर्धा चालू असते, बऱ्याचदा बघायला फुकट. दोन घोडेस्वार, एक शिंगवाला गोऱ्हा. हेडर शिंगांना फास टाकतो, हीलर मागच्या दोन पायांना. एकच पाय सापडला तर पाच सेकंद दंड. हेडरच्या हाताकडे बघा, फास बसला की तो दोर झटक्यात सॅडलच्या खुंटीला गुंडाळतो, याला डॅली म्हणतात, स्पॅनिश 'दाले व्हुएल्ता' वरून. या एका क्षणी अंगठा दोरात सापडला तर अंगठा जातो. कट्ट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला स्वतःचा हात दाखवला होता, चार बोटांचा, हसत हसत.

परतताना एसआर ७४ घ्या, अंधार पडायच्या आत. मोकळ्या कुरणाचा भाग आहे, काळी गाय रात्री काळ्या रस्त्यावर अजिबात दिसत नाही. कच्च्या रस्त्यावर कुठे फाटक लागलं तर जसं होतं तसंच सोडायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. आणि गाडीत एक जुनी फणी ठेवा. चोया नावाचं निवडुंग आहे, त्याचा गोळा नुसता अंगाला घासला तरी चिकटतो, हाताने काढायला गेलात तर हाताला चिकटतो. फणीचे दात मधे घालून झटका द्यायचा, निघतो. आमची फणी आईची आहे, अजून ग्लव्ह बॉक्समध्येच आहे.